भिंतीवरचं गणित

परवा कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये माझा लंबक वेडा झाला. खराखुरा लंबक नव्हे हं, स्क्रीनवरचा! एक मीटर दोरी, टोकाला वजन, दहा अंशांवरून हळूच सोडायचं आणि तो पुढे कसा हलतो ते सायलॅब नावाच्या सॉफ्टवेअरला विचारायचं. उत्तर म्हणून एकसारख्या लाटा यायला हव्या होत्या. माझ्या लाटा मात्र वाढतच गेल्या. प्रत्येक झोक्यागणिक लंबक थोडा जास्तच उसळी घ्यायला लागला आणि काही सेकंदांत तर चक्क गोल गोल फिरायला लागला. कुणी ढकलत नव्हतं, वारा नव्हता, काही नव्हतं. शेजारच्या मुली हसायला लागल्या. माझ्या वर्गात सगळ्या बावीस-तेविशीच्या, मी सत्तेचाळीसची. मला काकू म्हणतात. काकूंचा झोपाळा बघा, म्हणून सगळ्या गोळा झाल्या.

सर आले. ते हसले नाहीत. म्हणाले, समीकरण बरोबर आहे, पण तुमची पावलं मोठी आहेत. ही ऑयलरची पद्धत, सगळ्यात सोपी. दर एक दशांश सेकंदाला कॉम्प्युटर त्या क्षणीची दिशा बघतो आणि तेवढा वेळ सरळ नाकासमोर चालतो. वाट वळणाची असेल तर सरळ चालणारा माणूस दर वेळी थोडा बाहेर पडणारच. तेवढी थोडी थोडी ऊर्जा फुकटात मिळत गेली आणि लंबक उधळला. कॉम्प्युटरनं चित्र काढून दिलं की लगेच विश्वास ठेवू नका, यात काय बदलायला नको होतं ते आधी तपासा, असंही ते म्हणाले. आणि जर्नलसाठी त्यांनी मला एक प्रकल्प लावून दिला. कोवालेव्हस्कायाचा भोवरा. मी विचारलं, हे कोण सर? ते म्हणाले, हे नाही, ह्या. बाई आहेत.

मैत्रिणींनो, गणितात बी.एस्सी. करून मला पंचवीस वर्षांच्या वर झाली आणि हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते! थोडी लाजच वाटली. त्या दिवशी मोरभवनहून बुटीबोरीची बस पकडली, खिडकीशी जागा मिळाली, आणि खापरी, जामठा, डोंगरगाव करत घरी येईपर्यंत मोबाईलवर या बाईंचंच वाचत बसले. नंतर पुस्तकं मिळवली. गेला महिनाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नाही, म्हणून आज तुम्हालाही सांगते.

सोफिया कोवालेव्हस्काया. जन्म १५ जानेवारी १८५०, मॉस्को. वडील तोफखान्यातले मोठे अधिकारी, आई शिकलेल्या घरातली, तिचे आजोबा नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ. सोफिया आठ-नऊ वर्षांची असताना हे कुटुंब पालिबिनो नावाच्या खेड्यातल्या आपल्या वाड्यात राहायला गेलं. वाड्याच्या भिंतींना लावायला रंगीत कागद पीटर्सबर्गहून मागवले. सगळ्या खोल्या झाल्या, आणि मुलांच्या खोलीपाशी येऊन कागद संपला. एका खोलीसाठी परत एवढ्या लांब माणूस कोण पाठवणार? माळ्यावर रद्दी पडली होती, तीच चिकटवून टाकली. ही रद्दी म्हणजे वडिलांनी तरुणपणी ऐकलेल्या ऑस्ट्रोग्राडस्की या गणितज्ञाच्या व्याख्यानांची छापील पानं होती. विषय कॅल्क्युलस.

आपल्याकडे फळीवर वर्तमानपत्र अंथरतात ना, तसंच झालं हे. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात डब्यांखालचा पेपर मी मान वाकडी करून वाचायची. बातमी नेमकी डब्याखाली गेलेली असायची आणि पुढे काय झालं ते कळायचं नाही. सोफियाचंही तेच. ती तासन्‌तास भिंतीपुढे उभी राहून कुठलं पान कुठल्या पानानंतर येतं ते जुळवत बसायची. कळत काहीच नव्हतं, पण ती चिन्हं डोळ्यांत बसून गेली. पुढे पंधरा-सोळाव्या वर्षी पीटर्सबर्गला स्त्रानोल्युब्स्की नावाच्या शिक्षकांकडे ती कॅल्क्युलस शिकायला लागली, तेव्हा ती इतक्या भराभर समजत गेली की जणू हे सगळं तिला आधीपासून ठाऊक होतं. तिनं स्वतःच आठवणींत ही भिंतीची गोष्ट लिहून ठेवली आहे.

मधली एक गोष्ट मला याहून जास्त आवडली. शेजारी तिर्तोव्ह नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक राहायचे. त्यांनी आपलं पुस्तक या घरी भेट दिलं. प्रकाशाच्या धड्यात साइन आलं. ट्रिगनॉमेट्री तर तिला कुणी शिकवलीच नव्हती. मग तिनं साइन म्हणजे काय असावं हे स्वतःच्याच डोक्यानं शोधून काढलं आणि धडा पुरा केला. प्राध्यापकांना हे कळलं तेव्हा ते वडिलांच्या मागेच लागले, की पोरीला गणित शिकवा. वडिलांना शिकलेल्या बायका आवडत नसत. तरी अखेर हो म्हणाले.

पण घरी शिकवणी मिळाली तरी पुढे काय? रशियातल्या विद्यापीठांची दारं बायकांना बंद होती. परदेशी जायचं तर वडिलांची नाहीतर नवऱ्याची परवानगी हवी. वडील देणार नाहीत हे पक्कं. मग त्या काळच्या रशियन मुलींनी एक युक्ती काढली होती. एखाद्या सुधारक विचारांच्या तरुणाशी नावापुरतं लग्न करायचं, सीमा ओलांडायची आणि ज्यानं त्यानं आपापल्या वाटेनं जायचं. सोफियाची मोठी बहीण अन्यूता हिच्यासाठी असा मुलगा बघितला, व्लादिमीर कोवालेव्हस्की. त्याला पसंत पडली धाकटी! वडिलांनी नकार दिला, तर अठरा वर्षांची सोफिया एक दिवस घरी पाहुणे जेवायला यायच्या वेळी चिठ्ठी ठेवून सरळ त्याच्या खोलीवर जाऊन बसली. चार लोकांत शोभा नको म्हणून वडिलांना लग्न जाहीर करावं लागलं. १८६८ मध्ये लग्न झालं.

हे वाचताना मला आपल्या आनंदीबाई आठवल्या. तिकडे नवरा मिळवायचा तो शिक्षणासाठी, आणि इकडे गोपाळरावांनी लग्नच या अटीवर केलं की बायको शिकेल. आनंदीबाई सोफियाहून पंधरा वर्षांनी लहान. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. तो एप्रिल महिना सोफियाच्या आयुष्यातही आला, पण कसा आला ते पुढे सांगते.

१८६९ मध्ये ती जर्मनीत हायडेलबर्गला पोचली. तिथे प्रवेश नाही, प्रत्येक प्राध्यापकाची वेगवेगळी परवानगी काढून वर्गात बसायचं. मग बर्लिन. तिथे तर वर्गात बसायचीही बंदी. तिला शिकायचं होतं कार्ल वायरश्ट्रास यांच्याकडे, त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या गणितज्ञांपैकी एक. आयुष्याची कितीतरी वर्षं साधे शाळामास्तर म्हणून काढलेला माणूस, लग्न न केलेला, बहिणींबरोबर राहणारा. दारात आलेल्या या मुलीला टाळायला म्हणून की काय, त्यांनी तिला वरच्या वर्गाच्या मुलांची कठीण गणितं दिली. आठवड्यानं ती सोडवून घेऊन आली आणि पद्धती तिच्या स्वतःच्या होत्या. मग पुढे चार वर्षं त्यांनी तिला घरीच शिकवलं. वर्गात जे शिकवत ते तिला रविवारी पुन्हा सांगायचं. फी नाही, काही नाही.

आता जरा गणिताचं बोलते, घाबरू नका. डिफरन्शियल इक्वेशन म्हणजे काय? चहाचा कप ओट्यावर ठेवला. तो आत्ता किती गरम आहे हे आपल्याला माहीत, आणि तो निवण्याचा वेग भोवतालच्या हवेपेक्षा तो किती जास्त गरम आहे यावर ठरतो, हेही माहीत. म्हणून तर उकळता चहा आधी झपाट्यानं निवतो आणि कोमट झाला की तसाच रेंगाळतो. वेगाचा नियम दिला आहे, त्यावरून अर्ध्या तासानं काय होईल ते काढायचं, झालं डिफरन्शियल इक्वेशन! पण मुळात उत्तर आहे का, आणि असलं तर एकच आहे का? मला हा प्रश्न बी.एस्सी.ला कधी पडला नाही. पुस्तकात मागे उत्तर असायचंच! सोफियानं नेमका हाच प्रश्न धरला, तोही अनेक चलांच्या अवघड समीकरणांसाठी. कोणत्या अटी पाळल्या तर उत्तर नक्की असतं आणि एकच असतं हे तिनं सिद्ध केलं. फ्रान्सच्या कोशीनं यातला काही भाग आधी केला होता, म्हणून आज जगभर त्याला कोशी-कोवालेव्हस्काया प्रमेय म्हणतात. आणि अटी मोडल्या तर काय गडबड होते हे दाखवायला तिनं उदाहरण घेतलं ते उष्णता पसरण्याच्या समीकरणाचं.

हा प्रबंध, शिवाय आणखी दोन. त्यातला एक शनीच्या कड्यांवर. १८७४ मध्ये गटिंगेन विद्यापीठानं तिला गैरहजेरीतच सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट दिली. आधुनिक युरोपात गणितात डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली बाई. वय चोवीस.

आणि मग? मग काहीच नाही. युरोपात नोकरी नाही. रशियात परतली तर काय मिळत होतं, प्राथमिक शाळेत मुलींना अंकगणित शिकवायचं काम. नावापुरतं लग्न एव्हाना खरं झालं होतं. १८७८ मध्ये मुलगी झाली, तिचंही नाव सोफिया, लाडाचं फुफा. नवराबायकोनं पैसा मिळवायला घरं बांधायच्या धंद्यात उडी घेतली आणि कर्जात बुडाली. जवळपास सहा वर्षं तिनं गणिताला नीट हात लावला नाही. वायरश्ट्रास यांच्या पत्रांना उत्तरसुद्धा द्यायची नाही.

या सहा वर्षांपाशी मी बराच वेळ थांबले. माझी तेवीस आहेत. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष अर्धं झालं आणि लग्न ठरलं. ह्यांची नोकरी बुटीबोरी एम.आय.डी.सी.त, तीन पाळ्यांची. मग लेक, मग सासऱ्यांचं आजारपण, मग घराचे हप्ते. कुणी शिकू नको म्हटलं नाही हो, पण शीक असंही कुणी म्हटलं नाही. पुस्तकं ट्रंकेत गेली. दोन वर्षांपूर्वी लेक शिकायला पुण्याला गेली आणि ट्रंक रिकामी करायला घेतली, तेव्हा माझ्याच अक्षरातलं माझंच गणित मला कळेना. त्या दिवशी मी फार रडले. आणि जूनमध्ये फॉर्म भरून आले.

सोफियाच्या वाट्याला तसा दिवस १८८० मध्ये आला. पीटर्सबर्गला शास्त्रज्ञांचं अधिवेशन होतं, तिथे चेबिशेव्ह यांनी तिला काहीतरी वाच म्हणून सांगितलं. सहा वर्षं पडून राहिलेला एक प्रबंध तिनं बाहेर काढला, एका रात्रीत जर्मनमधून रशियनमध्ये आणला आणि दुसऱ्या दिवशी वाचला. सहा वर्षांत कुणीही त्याच्या पुढे गेलं नव्हतं! समोर बसलेल्यांत स्वीडनचे मिट्टाग-लेफ्लर होते, तेही वायरश्ट्रास यांचेच विद्यार्थी. हिला नोकरी मिळवून द्यायचीच असं त्यांनी मनावर घेतलं.

तोवर संसार मोडत आला होता. व्लादिमीर एका तेल कंपनीच्या भानगडीत अडकला आणि एप्रिल १८८३ मध्ये त्यानं क्लोरोफॉर्म हुंगून जीव दिला. हाच तो एप्रिल, आनंदीबाई समुद्रावर होत्या तो. सोफिया तेव्हा पॅरिसमध्ये. खोलीचं दार लावून घेतलं, अन्नपाणी सोडलं, पाचव्या दिवशी शुद्ध हरपली. शुद्धीवर आली तेव्हा तिनं कागद आणि पेन्सिल मागितली आणि गणित करायला लागली. काही जणांना यात कोरडेपणा दिसतो. मला नाही दिसत. एखादी बाई अशा वेळी उठून कणीक मळायला घेते, तसंच ते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ती स्टॉकहोमला पोचली. पहिलं वर्ष विद्यापीठाचा पगार नाही, विद्यार्थी देतील ती फी. व्याख्यानं जर्मनमध्ये सुरू केली आणि थोड्याच काळात स्वीडिशमध्ये द्यायला लागली. स्ट्रिंडबर्गसारख्या मोठ्या लेखकानं बाई प्राध्यापक म्हणजे विकृतीच, अशा अर्थाचं लिहिलं. तरी १८८४ मध्ये पाच वर्षांसाठी नेमणूक झाली आणि १८८९ मध्ये ती कायमची प्राध्यापक झाली.

फुफा मात्र सुरुवातीला रशियातच मैत्रिणीकडे होती. यावरून लोक खूप बोलले. पोरीला टाकून गणित करत बसली म्हणे! तिनं काही वर्षांनी लेकीला स्टॉकहोमला आणलं. मला विचाराल तर ती आदर्श आई नव्हती. नवं शहर, नवी भाषा, घर धड नाही, आणि तिचा स्वभावही टोकाचा, कामात बुडाली की बुडाली. पण आदर्श बाप होते का, हा प्रश्न तिच्याबरोबरीच्या एकाही प्राध्यापकाला कुणी विचारल्याचं मी वाचलं नाही. मी कॉलेजला जायला लागले तेव्हा आमच्या गल्लीतही पहिला प्रश्न हाच आला, की मग ह्यांचा डबा कोण करतं? मीच करते, पहाटे पाचला. आणि पंधरा दिवसांनी सासूबाईंनी न सांगता भाजी चिरून ठेवायला सुरुवात केली.

आता भोवरा. खाली टेकलेला जड भोवरा फिरताना नक्की कसा डोलतो, हे गणितानं पूर्ण सोडवता येतं का? ऑयलरनं १७५८ मध्ये एक प्रकार सोडवला, ज्यात भोवरा गुरुत्वमध्याशीच धरलेला आहे. लाग्रांझनं १७८८ मध्ये दुसरा, आपली पोरं फिरवतात तसा, चारी बाजूंनी सारखा. पुढे शंभर वर्षं गाडी तिथेच अडली. सोफियानं तिसरा प्रकार शोधला. हा बेढब भोवरा, याचं वजन अक्षावर नाही, बाजूला सरकलेलं. त्याच्या जडत्वाचं दोन दिशांना जे माप, त्याच्या निम्मं तिसऱ्या दिशेला. एवढं जमलं तर समीकरणं पूर्ण सुटतात. १८८८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या बोर्दँ पारितोषिकासाठी तिनं हे पाठवलं. निबंधावर नाव घालायचं नाही, असा नियम. परीक्षकांना काम इतकं आवडलं की बक्षिसाची रक्कम ३००० फ्रँकवरून ५००० केली. पाकीट उघडल्यावर नाव निघालं बाईचं. त्याच्या आदल्याच वर्षी अन्यूता गेली होती, बक्षीस बघायला ती नव्हती.

माझ्या प्रकल्पात हाच भोवरा आहे. सहा समीकरणं, तीन फिरण्याच्या वेगांची आणि तीन खालची दिशा कुठे आहे ते सांगणारी. सायलॅब फुकट मिळतं, मूळ फ्रान्सचं. मुंबईच्या आय.आय.टी.ने स्पोकन ट्युटोरियल्स काढली आहेत, ती बघत बघत मी घरीच टाइप केलं. या वेळी ऑयलरच्या पद्धतीच्या भरीस पडले नाही. सायलॅबमध्ये ओ.डी.ई. नावाची आज्ञाच आहे, ती पावलं स्वतःच्या हिशेबानं लहानमोठी करते. चित्र आलं, सुंदर, रांगोळीतल्या गुंतलेल्या वेलीसारखं. पण सरांचं वाक्य लक्षात होतं, काय बदलायला नको ते तपासा. भोवऱ्याची एकूण ऊर्जा बदलायला नको. आणखी दोन गोष्टी बदलायला नकोत, त्या कुठल्याही भोवऱ्याला लागू. आणि चौथी, जी फक्त या बेढब भोवऱ्यात कायम राहते, ती सोफियानं शोधलेली. तिच्याच सूत्रात मी कॉम्प्युटरचे आकडे घातले आणि त्याचा आलेख काढला.

सरळ आडवी रेघ आली! मग जरा खोडसाळपणा केला. वजन किंचित दुसरीकडे सरकवलं, तर ती रेघ लगेच डोंगरदऱ्या दाखवायला लागली. ऊर्जेची रेघ मात्र तशीच सरळ. म्हणजे सॉफ्टवेअरची चूक नाही, भोवराच आता सोफियाचा राहिला नव्हता. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी सासूबाईंना उठवून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, एवढी सरळ रेघ काढायला एवढं मोठं मशीन लागते काय? मला हसू आवरेना. पण सोफियाला तर तेही लागलं नव्हतं, कागद आणि टाक एवढंच.

१८८९ मध्ये रशियाच्या अकादमीनं नियम बदलून तिला मानाचं सभासदत्व दिलं. नोकरी मात्र तेव्हाही दिली नाही. लहानपणच्या आठवणींचं तिचं पुस्तक याच सुमाराला आलं. १८९१ च्या जानेवारीअखेर सुटी संपवून ती दक्षिण युरोपातून परतत होती. कडाक्याची थंडी, गाड्या बदलत, सामान उचलत केलेला प्रवास. सर्दी झाली. तशीच वर्गावर गेली. सर्दीचा न्यूमोनिया झाला आणि १० फेब्रुवारीला ती गेली. एक्केचाळीस वर्षांची होती. स्टॉकहोमलाच तिला पुरलं. वायरश्ट्रास यांनी तिची सगळी पत्रं जाळून टाकली. त्यांनी तिला लिहिलेली मात्र उरली. फुफा बारा वर्षांची होती. पुढे ती डॉक्टर झाली.

प्रॅक्टिकलची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, सकाळी आठला. बुटीबोरीहून साडेसहाची बस धरावी लागेल. भोवऱ्याची ती सहा समीकरणं मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून किराण्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहेत. डाळ काढायला दार उघडलं की दिसतात. तिसऱ्या समीकरणात एक वजाचं चिन्ह मी अजून विसरते.